मीनलच्या आईने दार उघडावं का?

मीनल सुर्वे बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी राहिली, आतून तिच्या आईने कडीवर हात ठेवला आणि भाग तिथेच संपला. पुढच्या अर्ध्या तासात महाराष्ट्राने आपलं मत देऊन टाकलं.

'उंबरा खाकीचा' ही मालिका पोलिसांच्या घराण्याची. सासरे आबा सुर्वे निवृत्त फौजदार, थोरला रणजित इन्स्पेक्टर, धाकटा हवालदार, नणंद सायबर शाखेत. त्यामुळे या घरात चहाला उशीर झाला तरी पंचनामा व्हायचा. त्या आठवड्यात रणजित निलंबित झाला, तो राग त्याने बायकोवर काढला आणि मीनल कऱ्हाडला आईकडे निघून आली. वाहिनीने प्रेक्षकांना एकच प्रश्न टाकला: मीनलच्या आईने दार उघडावं का?

बार्शीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कळवलं की इन्स्पेक्टरच्या खांद्यावरची फीत चुकीच्या रंगाची आहे, बाकी भाग ठीक. परभणीच्या वहिनींनी मीनलची साडी कुठे मिळेल ते विचारलं. चिपळूणच्या गृहस्थांना शंका आली की मार खाऊन निघालेल्या बाईची बॅग इतकी नीट भरलेली कशी. मुंबईच्या कुठल्याशा मुलीने 'दार उघडा' एवढंच लिहिलं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

सांगलीच्या सारिका हिंगमिरे यांनी मात्र रीतसर परिच्छेद पाडून लिहिलं. 'मीनलने आततायीपणा केला आहे. रणजित मनाचा वाईट नाही, त्याच्यावर नोकरीचा ताण आहे. आईने आज दार उघडलं तर उद्या प्रत्येक भांडणात मुलगी बॅग घेऊन येईल. खरी आई ती, जी मुलीचा संसार टिकवते.'

ते आठवड्याचं सर्वोत्तम मत ठरलं. मीनलच्या आईचं काम करणाऱ्या नटीने ते ओल्या आवाजात वाचून दाखवलं. पाठोपाठ बक्षीस म्हणून तांब्याचं पिंप घरी आलं आणि विश्रामबागेतल्या अर्ध्या कॉलनीने ते बोटाने वाजवून पाहिलं.

"हळदीला नाही एवढा भाव आलाय मताला," सारिकाबाईंचे यजमान बसवराजअप्पा म्हणाले. त्यांची हयात हळदीच्या अडतीत गेली होती. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नसत.

"तुम्हाला चेष्टाच सुचणार," सारिकाबाई म्हणाल्या, पण पिंप त्यांनी दर्शनी ठेवलं.

त्यांचा हिशेब सरळ होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, तेव्हापासून या घरात भाजी कुठली करायची सोडून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मालिका विचारत होती, तेही दर आठवड्याला, नावगावासकट. आणि एक गोष्ट त्यांच्या चांगलीच ध्यानात आली होती: कडक मत लिहिलं की माणूस शहाणा दिसतो. 'दार उघडा' म्हणणारी बाई हळवी ठरते, आणि हळवेपणाला बक्षीस नसतं. म्हणून सुर्व्यांच्या सुनांना त्या झोडपत राहिल्या. शेजारी बसून शेंगा सोलणारी त्यांची मुलगी शाल्मली तेव्हा कॉलेजात होती. आईचं नाव पडद्यावर आलं की ती टाळ्या वाजवायची.

पुढे शाल्मलीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. मालिका चालूच राहिली. आबा सुर्व्यांचं काम करणारे नट वारले तेव्हा त्यांचा चेहरा यंत्राने पुढे चालवला. आणि मग 'कौल' आला.

*

कौल म्हणजे काय, हे कंपनीने फार सोप्या भाषेत समजावलं होतं.

टीव्हीच्या चौकटीत एक बारीक डोळा असतो. बघणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली कुठल्या वाक्याला मोठी होते, पापणी कधी लवते, हे तो टिपतो. मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, त्वचेचा ओलावा मोजतो. माणूस जे लिहितो ते तिसरं. ही तिन्ही वर्षानुवर्षं एकत्र केली की त्या माणसाची एक प्रतिकृती बनते. ती दिसत नाही, जेवत नाही. तिला एवढंच येतं की अजून घडलेला नाही असा प्रसंग दाखवला तर हा माणूस काय म्हणेल ते सांगायचं, आणि तेही त्याच्याच आवाजात.

वाहिनीला यात फायदाच होता. आधी प्रसंग चित्रित करायचा, मग लोकांच्या शिव्या खायच्या, हा उलटा व्यवहार संपला. आता प्रसंग कागदावर असतानाच लाखो प्रतिकृतींना दाखवला जाई, त्यांचं मत घेतलं जाई आणि मग कॅमेरा लावला जाई. खऱ्या प्रेक्षकाला काम उरलं ते एक बटण दाबण्याचं.

भाग संपला की पडद्यावर तुमचं मत आधीच लिहून येई. खाली विचारलेलं असे: 'हे तुमचंच ना?'

पहिल्यांदा ते वाचून सारिकाबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, बघा तरी! अगदी माझ्या मनातलं. 'नणंदेने आधी स्वतःचा पदर सांभाळावा', हे तर माझंच वाक्य!"

"मग तू कशाला हवीस?" अप्पांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

सुरुवातीला सारिकाबाई मानासाठी एखादा शब्द बदलत. पुढे नुसतंच 'हो' दाबू लागल्या. आमटी उतू जायच्या आत मत देऊन होतं, ही सोय काही वाईट नव्हती.

त्याच बटणामागे कधीतरी दुसरी परवानगीही गेली. कंपनीने 'घरचा कौल' काढला होता. घरातल्या माणसाला काही विचारायचं असेल आणि तो कामात असेल, झोपला असेल, चिडका असेल, तर त्याच्या प्रतिकृतीला विचारा. जाहिरातीत एक नातू आजीला लाडवाचं प्रमाण विचारत होता. कोण नाही म्हणणार?

अप्पांनी एक दिवस पेपर वाचता वाचता पहिली चाचणी केली. "पत्ते खेळायला गेलो तर ती चिडेल का?" फोनमधून बायकोच्याच आवाजात उत्तर आलं, "आज गेलात तर चिडणार नाही, उद्या नका जाऊ, उद्या माझी बहीण येणार आहे." अप्पा गेले आणि खरंच कुणी चिडलं नाही. हळकुंड मोडून पाहिलं आणि रंग पक्का निघाला, अशी त्यांची खात्री पटली. हळूहळू घरातली भांडणं बंद झाली. जावेने मुलीचं स्थळ पसंत करताना 'सारिकाचं मत' घेतलं आणि पसंतीचे पेढे आल्यावरच सारिकाबाईंना ते कळलं.

"मला विचारलंत कधी?"

"विचारलं की! तू हो म्हणालीस," जाऊ म्हणाली. "आणि काय गोड बोलतेस गं त्यात."

घर फार शांत झालं. त्या शांततेचा सारिकाबाईंना अभिमान वाटायचा. कधीकधी दुपारी वाटायचं, आज सकाळपासून आपण कुणाशी बोललोच नाही. मग त्या पट्टा नीट घट्ट करायच्या आणि मालिकेचा जुना भाग लावायच्या.

*

शाल्मलीचे फोन कमी झाले होते. संसारात मुलगी रमली की फोन कमी होतात, असं सारिकाबाई सगळ्यांना सांगत. एकदा जेवताना अप्पा सहज म्हणाले, "तुझ्या कौलाशी तिचं चालू असतं की बोलणं. मागे म्हणाली ती. बरंय, तुझा वेळ वाचतो."

सारिकाबाईंचा घास हातात राहिला. "काय बोलते?"

"ते मला काय ठाऊक? आई-मुलीचं असेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी कुणालाही न कळवता, कौलालाही न विचारता, त्या नाशिकच्या गाडीत बसल्या.

जावई निखिल मगदूम कामावर गेलेला होता. दाराला बाहेरून कुलूप होतं, किल्ली शेजारणीकडे. "साहेब ठेवून जातात," शेजारीण म्हणाली आणि पुढे काही न बोलता तिने किल्ली दिली. आत शाल्मली गव्हाचं पीठ चाळत बसली होती. आईला बघून ती उठली, हसली. बोलताना मात्र ती सारखी मान वळवून उजवा कान पुढे करत होती.

"कानाला काय झालं?"

"पाणी गेलं होतं."

"किती दिवस झाले?"

"होईल बरं."

सारिकाबाईंनी डाव्या बाजूला जाऊन हळूच तिचं नाव घेतलं. शाल्मली पीठ चाळत राहिली.

मग फार विचारावं लागलं नाही. एका चापटीनंतर कानात शिट्टी वाजायला लागली होती आणि आठवड्याने शिट्टीही थांबली. त्याआधीचंही बरंच होतं.

"मला नाही सांगितलंस?" सारिकाबाई म्हणाल्या. "एक फोन करायचा. मी निघून आले नसते?"

शाल्मलीने आईकडे असं पाहिलं, जणू आईच तिची थट्टा करते आहे. "सांगितलं ना. पहिल्यांदा सांगितलं ते दिवाळीत. मग कानाचं झालं तेव्हा. मी विचारलं, आई, मी येऊ का घरी?"

"मला?"

"तुला सरळ विचारायचं म्हणजे आई... एकदा विचारलं की मागे घेता येत नाही. तू रडशील, अप्पांचं ब्लडप्रेशर. म्हटलं, आधी तुझा अंदाज घेऊ."

तिने फोन उचलला. कुठलं उत्तर ऐकवायचं ते शोधावं लागलं नाही. ते तिने पुष्कळदा ऐकलेलं होतं.

आधी मदतकेंद्राचा क्रमांक आला. तो कायद्याने सांगावाच लागतो. मग सारिकाबाईंच्या आवाजात, त्यांच्याच 'बाळा'वर जरा रेंगाळत कुणीतरी बोललं, "ये ना बाळा, नाही कोण म्हणतंय? घर तुझंच आहे. पण विचार करून ये. अप्पांची तब्येत तू बघतेस. चार लोक विचारणार, त्यांना काय सांगायचं? राग त्याचा, पण मनाने वाईट नाही तो. थोडं सांभाळून घे. एखादं मूल झालं की माणूस निवळतो."

आवाज बंद झाला. सारिकाबाईंना वाटलं होतं, कुणी परकी बाई त्यांच्या तोंडून काहीतरी भलतंच बोलेल. तसं काही झालं नाही. प्रत्येक वाक्य त्यांना ओळखीचं होतं, ठेवणीतल्या भांड्यांसारखं.

"हे मी बोलले नाही," त्या म्हणाल्या.

"असंच बोलतेस तू."

"अगं, ते मालिकेतल्या मीनलला! तुला नाही!"

"मला वेगळं काय सांगितलं असतंस?"

"ती खोटी बाई आहे शाल्मली. खोट्या बाईला माणूस काहीही सांगतो. तिला खरंच कुणी थोडंच मारलेलं असतं?"

सारिकाबाईंनी कपाट उघडलं आणि तिचे कपडे बॅगेत भरायला घेतले, घड्या न घालताच.

"चल. आत्ताच्या आत्ता."

"तू आता इथे आहेस, माझा कान बघितलास, म्हणून म्हणतेस," शाल्मली शांतपणे म्हणाली. "तिला माहिती आहे, चार दिवसांनी तू काय म्हणशील."

"कोण ती? ती म्हणजे कोण? मी इथे उभी आहे!"

यावर भांडण व्हायला हवं होतं, झालं नाही. शाल्मली आईच्या मागोमाग निघाली, पण पाहुणी निघते तशी. परतीचं डोक्यात ठेवून.

*

सांगलीला आल्यावर सारिकाबाईंनी पहिलं काम केलं ते कंपनीला फोन लावण्याचं. पलीकडे एक तरुण बाई होती, बोलायला गोड.

"माझी प्रतिकृती बंद करा."

"करता येणार नाही ताई. ती मालिकेच्या चाचणीत आहे. परवानगी तुम्हीच दिली होती."

"मग तिचं मत बदला. ती चुकीचं सांगते."

"मत तुम्हीच बदला ना. नवे भाग बघा, मनापासून मत द्या. ती शिकत राहते."

सारिकाबाई कामाला लागल्या. योगायोग असा की मालिकेतही तेच चाललं होतं. आता मीनलची धाकटी बहीण नवरा सोडून आली होती आणि त्याच आईने या वेळी दार उघडलंच नाही. लाखो प्रतिकृतींनी आधीच तसा कौल दिला होता, त्यात सारिकाबाईंचीही होती. भाग संपला, पडद्यावर त्यांचं मत आलं: 'आईने मन घट्ट केलं. शाबास.' सारिकाबाईंनी ते पुसलं आणि लिहिलं: 'ही आई नव्हे. दार उघडायला हवं होतं.' पुढच्या भागाला त्याहून कडक लिहिलं, त्यापुढच्याला आणखी कडक.

चार-पाच भागांनंतर त्यांनी कौलाला विचारलं, "शाल्मली कायमची घरी राहिली तर?" उत्तर तेच आलं. फक्त 'बाळा' थोडा जास्त मायेने.

परत फोन. गोड बाईने बराच वेळ काहीतरी तपासलं. "तुम्ही लिहिलंय ते पोचलंय ताई. पण लिहिताना तुमची नाडी खूप वाढते. घाम येतो. म्हणजे यंत्राच्या मते ते मनापासून नाही."

"मनापासूनच आहे. मला भीती वाटते म्हणून घाम येतो."

"कशाची भीती?"

"सगळ्याचीच! जावई काय करेल, कॉलनी काय म्हणेल, यांना काही झालं तर. उद्या आम्ही नसलो तर तिचं काय. भीती वाटणारच की. पण दार उघडायचंच आहे मला."

"हो ना, पण ते यंत्राला कसं कळणार?" पलीकडच्या बाईला खरंच वाईट वाटत होतं. "भीती वाटते तिथे माणूस मागे सरतो, असंच सगळ्यांच्या नोंदीत दिसतं. भीती वाटूनही पुढे जाणारे फार कमी असतात ताई. थोडे असले की ते चुकीत धरले जातात. शिवाय मत एकदम उलटं झालं की यंत्र शिकायचं आपोआप थांबतं. घरची माणसं दमदाटी करून मतं बदलवून घ्यायला लागली, म्हणून ही सोय ठेवलीय. तुमच्या संरक्षणासाठीच."

"म्हणजे मला माझ्यापासून संरक्षण?"

"तसंच काहीसं," ती म्हणाली आणि तिने विचारलं की या संभाषणाबद्दल आपलं मत काय.

*

इकडे घरात वेगळीच अडचण होऊन बसली. प्रतिकृती बोलते त्यातलं काहीच आपल्या तोंडून निघू नये, म्हणून सारिकाबाई प्रत्येक वाक्य आधी तपासून पाहू लागल्या. 'अप्पांची तब्येत' म्हणायचं नाही. 'लोक' हा शब्द नको. 'किती दिवस झाले गं तुला येऊन' हे तर चुकूनही नको. 'जेवलीस का?' विचारायलाही भीती, कारण त्यात काळजी ऐकू येईल की ओझं, कुणी सांगावं? गाळता गाळता बोलायला काही उरेना. आयुष्यभर तोंड न मिटलेली बाई मुलीसमोर गप्प बसू लागली.

शाल्मलीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला. नाही लागला, तेव्हा आतल्या खोलीत जाऊन तिने फोनला विचारलं. सारिकाबाई बाहेर मटार सोलत होत्या. भिंतीपलीकडून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, "रागावले नाही बाळा. जरा विचारात आहे. तू कधी निघायचं ठरवलंयस, तेवढं कळलं म्हणजे झालं."

त्या उठून आत गेल्या. "बंद कर ते! मला विचार. मी आहे ना इथे!"

"विचारते मग," शाल्मली म्हणाली. तिने उजवा कान पुढे केला. "मी आल्यापासून एकदाही मनात आलं नाही तुझ्या, की ही नसती आली तर बरं? खरं सांग. एकदाही?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? त्या दिवशी सकाळीच फाटकापाशी शेजारच्या चौगुलेबाईंनी विचारलं होतं, "माहेरपणाला का?" आणि सारिकाबाई म्हणाल्या होत्या, "हो, माहेरपणाला." ते त्यांना या क्षणी आठवलं. खोटं बोलू नये, निदान आज तरी, म्हणून त्या थांबल्या. प्रामाणिकपणे उत्तर शोधण्यासाठी त्या थांबल्या, पण ते थांबणंच शाल्मलीला पुरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तू रडू नकोस."

"कुणाच्याही मनात येतं गं, येतं आणि जातं! मनात आलं म्हणजे काय माणूस तसं करतो?"

"ते मला कसं कळणार आई?"

कंपनीतली ती गोड बाईही हेच म्हणाली होती.

*

निखिल आला तो भर दुपारी, उन्हात. सारिकाबाईंनी या प्रसंगाची तयारी करून ठेवली होती. दार अर्धंच उघडायचं. आत घ्यायचं नाही. म्हणायचं, मुलगी येणार नाही, पुढचं वकील बोलतील. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. दार मात्र अप्पांनी उघडलं आणि निखिल आधी त्यांच्या पायाशी वाकला.

चपला त्याने भिंतीला लावून जोडीने ठेवल्या. आवाज हळू. हातात नाशिकचे मनुके, अप्पांना रात्री भिजवून खायला. कोचावर न बसता तो सतरंजीवर बसला. त्याचं एकही पाऊल चुकत नव्हतं. सारिकाबाईंना जे जे रुचतं, ते ते त्याने ओळीने केलं.

"तुम्हालाच विचारून आलो आई," तो हसून म्हणाला. "कधी येऊ, काय बोलू. तुम्ही म्हणालात गुरुवारी या, तोवर राग उतरेल. वकील वगैरे नको म्हणालात. मी तर घाबरलोच होतो, पण तुम्ही फार धीर दिलात."

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुकच होतं.

"डॉक्टरकडे नेतो कानाच्या," निखिल म्हणाला. "माझं चुकलं. समोरासमोर कबूल करतो."

उन्हातून आलेला जावई. घामाने भिजलेला. पहिल्या दिवसापासून या घरात जावयाला वेगळा पेला होता. सारिकाबाईंनी काही ठरवलं नाही. ठरवायला त्या तिथे नव्हत्याच. त्या स्वयंपाकघरात होत्या, माठातून पाणी घेत होत्या, ताटलीत गुळाचा खडा ठेवत होत्या. पाय आपसूक बाहेर आले. खोलीच्या मध्यावर पोचल्यावर त्यांना मुलीचा चेहरा दिसला.

शाल्मली आतल्या दारात उभी होती आणि आईच्या हातातल्या ताटलीकडे बघत होती.

सारिकाबाई जागीच थांबल्या. त्यांना मागे फिरायचं होतं. ताटली फेकायची होती. नाडी इतकी वाढली की मनगटावरचा पट्टा थरथरून इशारे देऊ लागला. पण निखिलने अदबीने हात पुढे केला, पेला उचलला, म्हणाला, "उन्हाचं बरं वाटतं," आणि पाणी पिऊन टाकलं.

"भरते बॅग," शाल्मली म्हणाली.

"शाल्मली, अगं हे नुसतं पाणी आहे! कुणी आलं की देतो आपण, पोस्टमनलाही देतो."

"हो आई."

"थांब ना. मी त्याला हाकलते. आत्ता हाकलते, बघ!"

"आता नको." तिने आईच्या हातातून ताटली काढून घेतली आणि खाली ठेवली. "वाईट वाटून घेऊ नकोस. तिने मला सगळं आधीच सांगितलं होतं. म्हणून कमी लागलं."

फाटकापाशी चौगुलेबाई उभ्याच होत्या. "निघाली का? झालं का माहेरपण?" शाल्मलीने त्यांना हसून मान डोलावली. निखिल गाडीत बॅग ठेवत होता. सारिकाबाईंनी तिचा हात धरला, सोडेनात.

"फोन करशील ना रोज? काहीही झालं, कितीही वाजले..."

"तुला कशाला त्रास?" शाल्मली म्हणाली. "तुझ्याशी बोलतेच की मी रोज."

*

त्यानंतर तिचा फोन आला नाही. सारिकाबाईंनी केला तर निखिल उचलायचा. ती आंघोळीला गेलेली असायची, नाहीतर झोपलेली. नाशिकला जाऊन आल्या, तर घर बंद. शेजारणीने या वेळी किल्ली आपल्याकडे नाही असं सांगितलं आणि लगेच दार लावून घेतलं. पोलिसांत गेल्या. मालिकेतल्यासारखं ठाणं नव्हतं ते, पण माणूस बरा होता. त्याने शाल्मलीला व्हिडिओवर गाठलं, ती म्हणाली, मी मजेत आहे. सारिकाबाईंनी पडद्यावर पाहिलं; आता ती उजवा कान पुढे करूनही विचारलेलं पुन्हा विचारायला लावत होती.

अप्पा म्हणत, "ती मोठी आहे, तिचं ती बघेल." हल्ली ते बायकोशी जास्त बोलत नसत. तिचं म्हणणं त्यांना माहीत असायचं.

एका दुपारी, घरात कुणी नसताना, सारिकाबाईंनी फोन समोर ठेवला आणि कौल लावला. मुलीशी रोज बोलणारं जगात एकच कुणीतरी होतं आणि त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"शाल्मली कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"असेल बरी," पलीकडून सारिका हिंगमिरे म्हणाल्या.

"तुझ्याशी बोलते ना ती? आज बोलली? काय म्हणाली?"

"ते तिचं खाजगी आहे."

"मी तिची आई आहे!"

पलीकडे जराशी शांतता झाली. सारिकाबाई अवघड उत्तर देण्याआधी थांबत, तेवढीच.

"मग तिलाच विचारा ना," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरातलं मी कुणाला सांगत नाही."